रस्ता मोकळा आहे

काकू जिन्यातून खाली वाकून बघायच्या, कानोसा घ्यायच्या आणि मग वर तोंड करून हलक्या आवाजात म्हणायच्या, "रस्ता मोकळा आहे." मग तिसऱ्या मजल्यावर दाराशी उभे असलेले काका पायरीवर बसायचे आणि बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली यायला लागायचे. वळण आलं की थांबायचं. काकूंनी पुढे जाऊन परत बघायचं, परत सांगायचं, की पुढचा टप्पा. मध्येच कुणाचं दार वाजलं तर काका कठडा धरून ताडकन उभे राहायचे आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे निरखून बघायचे. त्या इमारतीतल्या मीटरकडे इतकं लक्ष वीज कंपनीनेसुद्धा कधी दिलं नसेल.

काका सैन्यातले ड्रायव्हर. उभी नोकरी डोंगरातल्या रस्त्यांवर अवजड गाड्या चालवण्यात गेली आणि त्यात डावा गुडघा कामी आला. चढताना कठड्याला धरून अंग वर ओढत ते कसेबसे चढायचे. उतरताना मात्र गुडघा सरळ हात वर करायचा. पण हे कुणाला कळता कामा नये. रोज संध्याकाळी साहेब फेरी मारायचे, "काय परिस्थिती?" विचारायचे आणि ड्रायव्हरने टाचा जुळवून "सगळं ठीक" म्हणायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की नोकरी सुटली तरी ते सुटलं नाही. घराला आग लागली असती तरी काकांनी अग्निशमनवाल्यांना आधी सगळं ठीक असल्याचं सांगितलं असतं. इमारतीत त्यांना ठीककाकाच म्हणत. समोरच्या घरातले मास्तर दिसले की विचारायचे, "काय ठीककाका, सगळं ठीक?" आणि काका म्हणायचे, "एकदम ठीक." काकूंना त्यांनी बजावून ठेवलं होतं, "चारचौघांत माझ्या गुडघ्याचं नाव काढायचं नाही." बिचाऱ्या काकूंनी ते कधी काढलं नाही.

हळूहळू काकांचं खाली जाणं कमी होत गेलं. मग ते खिडकीत बसू लागले. रस्त्यावरून ट्रक गेला की म्हणायचे, "गिअर उशिरा टाकला गाढवाने." दिवसभरात तेवढंच बोलायचे. काकू भाजी निवडता निवडता त्यांच्या पाठीकडे बघायच्या. हा माणूस आता खाली उतरेल तो चौघांच्या खांद्यावरूनच, असं त्यांना वाटायचं. खालच्या मजल्यावर घर घ्यायची ऐपत नव्हती. वरचं विकायचं म्हटलं तर लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला घेणार कोण?

अशात जावयाने एक बातमी आणली. जावई पतपेढीत होता, चार लोकांत त्याचं उठणंबसणं होतं. "पेन्शन केंद्राचं असतं," तो म्हणाला, "पण माजी सैनिकांना राज्याच्या सवलती वेगळ्या असतात. नोकरीत अपंगत्व आलं असेल तर तळमजल्यावरचं सरकारी घर मिळतं म्हणे."

"मला कुठे अपंगत्व आलंय?" काका खिडकीतूनच म्हणाले.

काकूंनी ते ऐकलं नाही. त्यांनी पिशवीत कागद भरले आणि एकट्याच निघाल्या. पेन्शनच्या ऑफिसात म्हणाले, हे राज्याकडे. राज्याच्या ऑफिसात म्हणाले, हे मागच्या वर्षीपर्यंत आमच्याकडे होतं. तिथून ज्या इमारतीत पाठवलं, तिच्या फाटकावर एक एजंट उभा होता. तो म्हणाला, "मावशी, सगळं करून देतो. पेन्शनमधून दर महिन्याला थोडं थोडं कापून घेईन, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." काकू जवळजवळ हो म्हणणार होत्या. तेवढ्यात जिन्याखाली त्यांना एक खिडकी दिसली. वर पाटी होती, "माजी सैनिकांना सवलतींसाठी मोफत मदत." आत एक बाई बसल्या होत्या आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं.

"मोफत म्हणजे नंतर किती?" काकूंनी विचारलं.

"नंतरही मोफत."

"मग तुम्हाला काय मिळतं?"

"पगार. राज्य देतं."

"मग इथे गर्दी का नाही?"

"जो येतो तो हेच तीन प्रश्न विचारतो आणि फाटकावरच्या एजंटाकडे जातो," बाई म्हणाल्या. "बसा काकू. कागद दाखवा."

कागद वाचून बाईंनी मान वर केली. "गुडघा नोकरीत गेलाय, सैन्याच्या दवाखान्याची नोंद आहे. हा काकांचा हक्क आहे. घर मिळेल." इतक्या दिवसांत "मिळेल" हा शब्द काकूंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी उगाचच पिशवीत चष्मा शोधला.

पुढच्या आठवड्यात तपासनीस घरी येणार होते. काकांना जिना उतरता येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि तसं लिहायचं, एवढंच काम होतं. कुणाकडून बिघडावं असं त्यात काही नव्हतंच. काकांनी मात्र सकाळीच दाढी केली, बूट चकचकीत केले आणि ते खुर्चीत ताठ बसून राहिले. ठरल्या वेळी खालून हाक आली. काकू गॅलरीत गेल्या. तपासनीस अंगाने चांगले भरलेले होते आणि जिन्याकडे बघूनच त्यांना धाप लागली होती.

"मला दम्याचा त्रास आहे," ते खालून ओरडले. "वर नाही येववत. परत कधीतरी बघू."

"साहेबांना परत पाठवायचं?" काका उठलेच. "अगं, पुढे हो."

काकू पुढे झाल्या. दुसरं काय करणार? रस्ता मोकळा आहे म्हणत म्हणत त्यांनी काकांना पहिल्या मजल्यापर्यंत आणलं. शेवटचं वळण आलं. त्यापुढे तपासनिसांना सगळं दिसणार होतं. काका तिथे उभे राहिले, पॅन्ट झटकली, दात आवळले आणि उरलेल्या पायऱ्या चालत उतरून तपासनिसांपुढे सलाम ठोकून उभे राहिले. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. तपासनिसांना वाटलं, उकाडा आहे. त्यांनी लिहिलं, "अर्जदार तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरून आले. चपळ आहेत."

ते वाचून खिडकीतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग संध्याकाळी त्या स्वतःच घरी आल्या.

"काका, आता वैद्यकीय मंडळासमोर जावं लागेल. तिथे खोटं काही बोलायचं नाहीये. फक्त खरं बोलायचंय. तेवढंच तुम्हाला जमत नाहीये."

"मी आयुष्यात खोटं बोललो नाही," काका दुखावल्या स्वरात म्हणाले.

"बरं. गुडघा कसा आहे?"

"ठीक."

मग घरात तालमी सुरू झाल्या. जावई डॉक्टर व्हायचा. तो दारावर टकटक करून आत आला की काका ताडकन उभे राहायचे आणि मग गुडघा धरून भिंतीला टेकायचे. "बाबा, उठायचं नाही," जावई सांगायचा. "दुखतं म्हणा." काका तोंड उघडायचे, शब्द ओठांपर्यंत यायचा आणि पुन्हा "ठीक" होऊनच बाहेर पडायचा. एकदा त्यांनी खूप जोर लावून "जरासं" एवढं म्हटलं. जावयाला एवढा आनंद झाला की त्याने चहा मागवला.

शेवटी बाईंनाच युक्ती सुचली. "काका, गाडीत बिघाड झाला तर साहेबांना सांगायचात का?"

"म्हणजे काय? न सांगून चालेल? माणसं बसायची आहेत त्यात."

"मग गुडघा ही गाडी समजा. बिघाड काय आहे, सांगा."

आणि काय सांगावं, काका धडाधडा बोलायला लागले. कुठे घासतं, कधी आवाज येतो, किती वेळाने गरम होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. इतकं दुखतं हे त्यांनासुद्धा माहीत नव्हतं. त्या आत गेल्या आणि नळ सोडून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मंडळाची खोली बाईंच्या खिडकीच्याच इमारतीत होती, तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना चालता येत नाही त्यांची तपासणी तिसऱ्या मजल्यावर का, असा प्रश्न पडायला ते काही तुमचंआमचं घर नव्हतं, सरकारी कचेरी होती. लिफ्टवर "दुरुस्ती चालू" अशी पाटी होती आणि पाटीवरही धूळ बसली होती. काका कठड्याला धरून अंग ओढत चढले. वेळेच्या आधी पोचले, कारण उशिरा पोचणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर. पांढऱ्या मिशा, करडा आवाज. बाजूला दोन सभासद घड्याळाकडे बघत बसले होते.

"तक्रार काय?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी एकदा काकूंकडे बघितलं. "डावी बाजू, साहेब. सांधा झिजलाय, वंगण संपलंय. थंडीत सुरू व्हायला वेळ घेते. चढावर ओढावी लागते. उतारावर ब्रेक अजिबात भरवशाचा नाही."

डॉक्टरांची मिशी हलली. त्यांनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला. "असं स्वच्छ सांगणारा माणूस फार दिवसांनी आला," ते सभासदांना म्हणाले. काकूंनी पदर घट्ट धरला. डॉक्टरांनी पेन उचललं. आता नुसतं "हो" म्हणायचं राहिलं होतं.

"म्हणजे ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी नाही, असं लिहू ना?"

आता हा प्रश्न काही तालमीत नव्हता. काकांच्या तुकडीत एकाही ड्रायव्हरने कधी गाडी डोंगरात टाकून दिली नव्हती. बर्फात नाही, अंधारात नाही, चाक निखळलं तरी नाही. काका खुर्चीतून उठले. टाचा जुळल्या.

"तसं नाही, साहेब. हातात धरलेली गाडी ड्रायव्हर पोचवतोच. मी आलोच ना वर?"

"आलात खरे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, "अपंगत्व नाही." शिक्का बसला.

काकू बाहेर आल्या तेव्हा रडत नव्हत्या. रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. बाकावर बसून त्या एवढंच म्हणाल्या, "आता खिडकीतच बसा तुम्ही. मी गिअरचं ऐकत जाईन." आपण काय करून बसलो ते काकांना आता कळलं होतं. त्यांची मान इतकी खाली गेलेली काकूंनी कधी बघितली नव्हती.

कचेरी सुटायची वेळ झाली. लोक धडाधडा उतरायला लागले, त्यामुळे या दोघांना थांबणं भाग होतं. काका जिन्याच्या तोंडाशी जाऊन भिंतीवरचा मीटर बघत उभे राहिले. सगळे गेले. मंडळाचे दोन सभासद बॅगा सावरत भराभर उतरून गेले. मागे राहिले डॉक्टर आणि त्यांची बॅग घेतलेला ऑफिसचा शिपाई. हा शिपाई चांगला निवृत्तीला आलेला होता.

"आधी आपण, साहेब," काका बाजूला सरून म्हणाले.

"छे, छे. तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही."

"साहेबांच्या पुढे कसा जाणार?"

"मला घाई नाही," डॉक्टर म्हणाले आणि तेही मीटरकडे बघायला लागले.

असे दोघं बराच वेळ मीटर बघत राहिले. शेवटी शिपाई कंटाळला. रोजच्या सवयीने तो चार पायऱ्या उतरला, कठड्यावरून खाली वाकला, कानोसा घेतला आणि वर तोंड करून हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, रस्ता मोकळा आहे."

काकूंनी चमकून शिपायाकडे बघितलं. शिपायाने काकूंकडे बघितलं, मग काकांच्या पॅन्टच्या मागच्या, घासून पांढऱ्या पडलेल्या भागाकडे बघितलं.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"लिफ्ट बंद पडल्यापासून. तुमचं?"

"हे रिटायर झाल्यापासून."

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्र काढलं, मधोमध फाडलं आणि अर्धं काकांना दिलं. "हे खाली घ्या. कपडे खराब होत नाहीत."

मग दोघं शेजारी शेजारी बसून एकेक पायरी उतरू लागले. पुढे काकू आणि शिपाई आळीपाळीने वाकून बघत होते. वळणावर दम खायला थांबले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आत विचारलं तेव्हा अडचण आहे म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"साहेब, आपण कुणाला म्हणालात?"

त्यावर डॉक्टरांनी खालचं वर्तमानपत्र सारखं केलं आणि पुढची पायरी घेतली.

खाली पोचल्यावर दोघं उभे राहिले, कपडे झटकले आणि काकांनी सलाम केला. डॉक्टर म्हणाले, "मी डोळ्यांनी बघितलंय. फेरतपासणी लावतो."

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"वर," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

"खालीही बसवता येतं मंडळ," शिपाई म्हणाला. "चढता येत नाही असा कुणीतरी लेखी अर्ज दिला पाहिजे."

डॉक्टरांनी काकांकडे बघितलं. काकांनी डॉक्टरांकडे बघितलं.

"मला तशी काही अडचण नाही," काका म्हणाले. चूक कळूनही तोंडातून तेच निघालं.

"मलाही तशी नाही," डॉक्टर म्हणाले.

काकू शेवटच्या पायरीवर मटकन बसल्या. "अडचण आहे," त्या म्हणाल्या. "मला आहे. माझ्या नावाने लिहा अर्ज."

"तुला काय झालं?" काकांनी विचारलं.

"गुडघे. दोन्ही."

"कधीपासून?"

"तुम्ही एक जिना उतरता तेव्हा मी पुढे जाऊन बघते, मागे येऊन सांगते, परत पुढे जाते. एकाचे तीन जिने होतात माझे. इतकी वर्षं. विचारलंत कधी?" काकूंचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच तो काकांना जास्त लागला.

शिपायाने डॉक्टरांची बॅग खाली ठेवली. "साहेब, माझंही नाव घाला त्यात," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

जिन्याखालच्या खिडकीत बाई अजून होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी अर्ज लिहिला, काकूंची आणि शिपायाची सही घेतली आणि शिक्का मारून घ्यायला दोन दोन पायऱ्या गाळत वर पळाल्या. तशाच परत आल्या. "अर्ज घेणारे आवकवाले घरी गेले. सोमवारी घेतील. मग त्यावर वरिष्ठांची सही, मग तारीख. काका, घर मिळेल. पण आता कधी, ते नका विचारू."

घरी पोचेपर्यंत जिन्यात दिवे लागले होते. पहिल्या वळणावर काकू थांबल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या थांबल्या की काकांना वाटायचं, खालचा रस्ता बघतेय. आज काकांनी हात पुढे केला. "धर."

"कुणी बघेल," काकू म्हणाल्या.

"बघू दे."

एकमेकांना ओढत दोघं वर चढले. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या असताना समोरचं दार उघडलं. मास्तर केराची बादली घेऊन बाहेर आले.

"काय ठीककाका, सगळं ठीक?"

काका थांबले. काकूंचा हात त्यांच्या हातात होता. "नाही," ते म्हणाले. "ठीक नाही."

मास्तरांनी हा प्रश्न इतकी वर्षं विचारला होता, पण उत्तराची गरज त्यांना कधी पडली नव्हती. त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. मग "बरं, बरं" म्हणाले आणि बादली घेऊन परत आत गेले. दार लागल्याचा आवाज आला. जिन्यात मीटर होता, पण त्याच्याकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.